क्लचची दवा आणि वर बसणारं माणूस

मन्मथअप्पांची आणि माझी ओळख एका हट्टी पॅडलमुळे झाली. मी तेव्हा नांदेडच्या एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. एका कंत्राटदारांची विलायती, दांडग्या ताकदीची गाडी आमच्याकडे आली होती. गावात ती शहाण्यासारखी चालायची. पण हमरस्त्यावर इंजिन पुरतं चढलं आणि गिअर बदलायला क्लच दाबला, की पॅडल खाली जाऊन तिथंच बसायचं. मालक ते बुटाच्या टोकानं उचलून वर आणायचे आणि मग आम्हाला फोन करायचे. आम्ही क्लच प्लेट बदलली, प्रेशर प्लेट बदलली, मालकांची सहनशक्ती संपवली. शेवटी कुणीसं सुचवलं म्हणून मी ती गाडी लातूरला, मार्केट यार्डाच्या मागे असलेल्या अप्पांच्या गॅरेजवर घेऊन गेलो.

अप्पांनी गाडी चालवूनसुद्धा पाहिली नाही. बॉनेट उघडलं, क्लचच्या छोट्या डबीचं झाकण फिरवलं, बोट बुडवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"हे काय हाय?"

"क्लच ऑइल," मी म्हणालो.

"ऑइल म्हणू नको इथं. आन तसं बघितलं तर हे आता तेबी राहिलं न्हाई. हा चहा हाय. तोबी कालचा."

मग त्यांनी मला पायरीवर बसवून समजावलं. अशा ताकदवान गाडीच्या क्लचची स्प्रिंग दणकट असते. पायाचा जोर तिथवर पोचवायला नळीत एक पातळ द्रव भरलेला असतो. तो हवेतली ओल पितो, त्यात क्लचची काळी भुकटी उतरते. गाडी जोरात पळाली की गिअरबॉक्सजवळ तो तापतो, प्यालेल्या ओलीची वाफ होते आणि पाय द्रवाऐवजी वाफेला दाबत बसतो. "वाफंला कितीबी दाब," अप्पा म्हणाले, "ती दबती, पर पुढं कायबी सरकवत न्हाई. तुमी प्लेटा कामून बदलल्या बे?"

नंतर त्यांनी घराच्या दिशेला हाक मारली. घर गॅरेजला लागूनच होतं. आतून महानंदाअक्का, म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवती, हातात तुरीची डाळ पसरलेलं सूप घेऊन आल्या. त्या सरळ कंत्राटदारांच्या मऊ चामड्याच्या सीटवर बसल्या, सूप मांडीवर घेतलं, डावा पाय क्लचवर ठेवला आणि डाळ निवडू लागल्या. अप्पा गाडीखाली सरकले. खालून आवाज आला, "दाब." वरून, "दाबलं." खालून, "धर." वरून, "धरलंय." मग खाली पान्यानं निपल, म्हणजे नळीच्या टोकाची बारीक तोटी, उघडायचं, काळं पाणी बाटलीत उतरायचं, निपल बंद व्हायचं आणि खालून "सोड" यायचं. डाळ निवडून होईतो नळीतून पिवळी, स्वच्छ धार पडायला लागली होती. मी नांदेडला परत गेलो तो नोकरीचा राजीनामा द्यायलाच. पुढची काही वर्षं मी अप्पांच्या हाताखाली काढली.

आज अप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त लातूरच्या गॅरेजवाल्या मंडळींनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि शिष्य म्हणून मला लिहायला सांगितलं, याचा मला अभिमान आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो. हा ग्रंथ ठरला तेव्हा अप्पा गॅरेजला कायमचं कुलूप लावून पुण्याला मुलाकडे जायच्या बेतात होते. अक्का गेल्यापासून त्यांनी मोठ्या गाड्या घेणं बंदच केलं होतं. तेव्हा आपण एका चालत्या कामाचा गौरव करतोय की निरोपाचा नारळ देतोय, हे ग्रंथाच्या समितीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

अप्पांच्या कामाबद्दल लिहायचं तर त्या शब्दापासून सुरुवात करायला हवी, जो आज लातूरपासून धर्माबादपर्यंत प्रत्येक मेकॅनिकच्या तोंडी आहे. आमच्याकडे सगळे त्या द्रवाला 'क्लच ऑइल' म्हणतात. ऑइल म्हटलं की ऑइल ओतणारे निघतातच. यार्डातल्या एका आडत्यांच्या चिरंजीवांनी नव्या गाडीच्या डबीत इंजिनचं ऑइल भरलं. आतले रबरी सील फुगून बसले आणि पॅडल हलेना. अप्पांनी मुलाला काही म्हटलं नाही, शब्दाला शिव्या घातल्या आणि गॅरेजमध्ये 'ऑइल' म्हणायला बंदी केली. मग म्हणायचं काय? 'पाणी' म्हणा, असं ठरलं. महिनाभर सगळे 'क्लचचं पाणी' म्हणू लागले. मग धर्माबादचा एक ड्रायव्हर मिरचीच्या व्यापाऱ्याची गाडी घेऊन आला. डबीत खरंखुरं पाणी होतं. "तुमीच तर म्हणलं होतं अप्पा," तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं.

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. अक्का ताट झाकता झाकता म्हणाल्या, "दवा म्हणा की. दवा कुणी आपल्या मनानं पाजत न्हाई. इचारून पाजतेत." शब्द तिथंच ठरला. दवेला मुदत असते, दवेची बाटली उघडी ठेवत नाहीत, एकाची दवा दुसऱ्याला चालत नाही. जे शिकवायला अप्पांना तासभर लागायचा ते एका शब्दात भागलं. आज नांदेडच्या दुकानात मी "क्लचची दवा द्या" म्हणालो की दुकानदार न विचारता योग्य बाटली काढतो. हा शब्द कुणाचा, हे त्याला माहीत नाही. अक्कांना जाऊन आता बराच काळ झाला, आणि तरी मी हा शब्द उच्चारला की ते झाकलेलं ताट आठवतं.

अप्पांच्या तत्त्वांबद्दल इतरांनी लिहिलं असेलच. अप्पा विनम्र आहेत, असं कुणी लिहिलं असेल तर ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं. अप्पांना आपलं काम येतं हे त्यांना पक्कं माहीत आहे आणि ते तुम्हालाही माहीत असावं, अशी त्यांची अपेक्षा असते. फोडलेल्या बाटलीतली दवा ते दुसऱ्या दिवशी वापरत नाहीत, मग ती भरलेली का असेना. एकदा उदगीरचे एक तरुण गृहस्थ लग्नाला निघालेले, दाराशी त्यांची घोड्यासारखी गाडी उभी, आणि गॅरेजमध्ये कालची फोडलेली बाटली सोडून दवा नाही. त्यांनी विनवलं, रागावून पाहिलं, आपल्या मामांचं नाव सांगितलं. अप्पांनी नवी बाटली येईपर्यंत गाडीची किल्ली खिशात ठेवली. "वाटंत पॅडल बसलं तर तुझ्या मामाला उचलाय बोलवू का?" ते गृहस्थ ऑटोनं लग्नाला गेले. आता त्यांची तिसरी गाडीही अप्पांकडेच येते, आणि ते मामांचं नाव घेत नाहीत.

आणखी एक शिस्त त्यांनी आम्हाला लावली. दर सर्व्हिसला डबीत बोट बुडवायचं. दवा काळवंडली असेल तर सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजनं ती शोषून घ्यायची, नवी भरायची, पॅडल मारायचं, पुन्हा शोषायची, असं स्वच्छ होईपर्यंत. आळस केलात तर खाली उतरून सगळी नळी मोकळी करावी लागेल. दवा रंगावर सांडली तर लगेच पाण्यानं धुवायची, नाहीतर रंग उठतो. हे सगळं पुस्तकात असतं, पण पुस्तक आमच्याकडे डोळे वटारून पाहत नाही. अप्पा पाहायचे.

या माणसाची माया मात्र आडवळणानं येते. माझे वडील लातूरच्या एका दवाखान्यात होते तेव्हा अक्का रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या. डबा घेऊन अप्पा स्वतः यायचे. धीराचा एक शब्द बोलले असतील तर शपथ. बाकावर बसून राहायचे. वॉर्डात एक स्ट्रेचर फार कुरकुरायचं. दुसऱ्या दिवशी अप्पा खिशातून तेलाची कुपी काढून त्याच्या चाकांशी बसलेले दिसले. नर्सबाई ओरडल्या, "काय करायलाव काका?" अप्पा म्हणाले, "तुमचं काम तुमी करा, माझं मी करायलो." त्या दुपारी वडील पहिल्यांदा शांत झोपले. पुढे मी नांदेडला स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा अप्पा एसटीनं आले, सगळीकडे हात मागे बांधून फिरले, आणि जाताना दवेच्या सीलबंद बाटल्यांची पिशवी टेबलाखाली ठेवून गेले. आशीर्वाद वगैरे त्यांनी दिला नाही.

अक्का गेल्या आणि अप्पांचं गॅरेज शांत झालं. गिऱ्हाइकं पूर्वी गमतीनं म्हणायची, हे नवरा-बायको दाब, धर, सोड यापलीकडं एकमेकांशी बोलत नाहीत. तेवढंही बंद झालं. वर बसायला अप्पांनी माणसं ठेवून पाहिली. निपल उघडं असतानाच कुणी घाईत पाय उचलायचं, हवा उलट आत शिरायची, अप्पा खालून ओरडायचे, माणूस संध्याकाळी निघून जायचा. एकट्यानं नळी आणि बाटली लावून लहान गाड्यांचं भागतं, पण ज्या दांडग्या गाड्यांत क्लचचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात असतो, तिथली हवा एकट्याला दाद देत नाही. "माझ्याकडं माणूस न्हाई," म्हणून अप्पा त्या गाड्या दारातूनच परत पाठवू लागले. माणूस नाही म्हणजे काय, ते आम्हाला कळत होतं आणि त्यावर आमच्याकडे उपाय नव्हता. मी फोन केला की अप्पा पहिल्यासारखाच "शरणार्थ" म्हणून नमस्कार करायचे, "जेवलो" म्हणायचे. मागे भांड्यांचा आवाज कधीच नसायचा. मुलगा पुण्याहून सारखा बोलवत होता. तो चांगला मुलगा आहे, त्याचं काही चूक नव्हतं. पण पुण्याच्या त्या सहाव्या मजल्यावर अप्पा दिवसभर कुणाच्या डबीत बोट बुडवणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता.

अशात माझ्याकडे नांदेडच्या एका डॉक्टरबाईंची गाडी आली. बाईंना ताकदीच्या गाड्यांचा शौक आहे. अहमदपूरच्या पुढे ट्रकला मागे टाकताना पॅडल खाली बसलं होतं. मी दवा शोषून बदलली, रंग पिवळा झाला, पण पॅडल ओल्या स्पंजासारखंच लागत होतं. नळीत हवा होती. खरं तर हे काम नांदेडला माझ्या माणसांकडून झालं असतं. पण रविवार होता. माझी सौ. नातवाला सांभाळायला हैदराबादला लेकीकडे गेली आहे, तिला आता दोन वर्षं होत आली. रविवारी मी घरात एकटा असतो आणि टीव्हीशी भांडतो. मी डॉक्टरबाईंची परवानगी घेतली, दवेची सीलबंद बाटली शेजारच्या सीटवर ठेवली आणि लातूरचा रस्ता धरला, अगदी सावकाश, गिअर जपून टाकत.

अप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. गाडी पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"नांदेडात माणसं संपली का?"

"संपतील कशाला. सगळी मोबाइलवर हायत. म्हणलं अप्पांकडं जावं."

"मी घेत न्हाई मोठ्या गाड्या. ठाऊक हाय तुला. आन माझे गुडघे आता खाली जाऊ देत न्हाईत."

"मग मी जातो खाली," मी म्हणालो. "तुमी वर बसा."

मी गाडी रॅम्पवर चढवली, चाकांना दगड लावले आणि उत्तराची वाट न पाहता खाली सरकलो. बराच वेळ मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. मग दार उघडलं आणि चपला दिसेनाशा झाल्या. उभ्या आयुष्यात अप्पा या कामासाठी वर कधी बसले नव्हते. गाड्या चालवल्या असतील शेकड्यांनी, पण गाडीखाली कुणीतरी आहे आणि आपण त्याच्या हुकुमावर पाय धरून बसलोय, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. ती जागा अक्कांची होती.

"दाबा अप्पा."

"दाबलं."

"धरा."

थोडं थांबून उत्तर आलं, "धरलंय."

पहिल्या काही खेपा सोप्या गेल्या. या कामात जसजशी हवा निघते तसतसं पॅडल घट्ट होत जातं. खालच्या माणसाला ती काम जमल्याची खूण असते. आम्ही खालून खूश होत असतो, आणि वर प्रत्येक खेपेला पायावरचं वजन वाढत असतं. हे आम्हाला माहीत असतं, पण त्याचा आम्ही विचार करत नाही. नंतर एकदा "धरा" म्हटलं आणि माझा पाना निसटला. तो गिअरबॉक्सच्या आडोशाला गेला. मी चाचपडत राहिलो. पाना सापडला, तो लावेपर्यंत पुन्हा घसरला. मग वरून आवाज आला, आणि तो अप्पांचा नेहमीचा आवाज नव्हता.

"लवकर कर की रे. पाय थरथरायलाय."

मी घाईनं निपल उघडून बंद केलं आणि बाहेर आलो. अप्पा सीटवर बसले होते. डावा पाय त्यांनी दाराबाहेर काढला होता आणि दोन्ही हातांनी पोटरी धरली होती.

"लई जड हाय रे हे."

"मोठ्या गाडीचं जडच असतंय अप्पा."

"ते मला शिकवू नको. स्प्रिंग किती दणकट असती ते मी तुला शिकवलं." मग ते थांबले. "ती डावाच पाय चोळायची बग. रोज सांजच्याला, तेल घिऊन. मी म्हणायचो वात हाय. लातुरातल्या तीन डॉक्टरांना दाखवलं मी तिला वाताचं."

अप्पांनी पोटरी एकदा दाबून पाहिली.

"मी खाली पाना हुडकत बसायचो. कधी कधी गिऱ्हाइकाशी बोलायचो खालूनच. आन ती वर म्हणायची, धरलंय. येकदाबी म्हणली न्हाई लवकर करा म्हणून."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते पोटरी धरून त्या पॅडलकडे पाहत राहिले. मी जवळ उभा होतो आणि तरी इतकं एकटं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या बायकोबरोबर अख्खं आयुष्य एकाच गाडीत, एक वर एक खाली, काढलेला माणूस, आणि त्याला तिच्या पायाचं आत्ता कळत होतं. सांगायला ती नव्हती.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या अप्पा, उरलेलं नांदेडला करतो."

"अर्धं काम घिऊन जातोस?" ते म्हणाले आणि पाय आत घेतला. "पर आता आधी पाना निपलला लाव. निपल ढिलं हाय का बघ. मग मला धर म्हण."

तसं केलं. पॅडल वर येऊन खणखणीत उभं राहिलं. अप्पांनी गाडी एकदा यार्डाच्या रस्त्यावर जोरात पिटाळून आणली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. नंतर घरात जाऊन त्यांनी पिठलं केलं. ते बेचव होतं. आम्ही दोघांनी संपवलं.

पुढच्या आठवड्यात गॅरेजवाल्यांच्या बैठकीला अप्पा बोलावणं नसताना गेले. तिथं ते उभे राहून एवढंच म्हणाले, "पाना लावल्याबिगर वरच्या माणसाला धर म्हणायचं न्हाई. काय हुडकायचं आसंल तर आधी सोड म्हणायचं." तरुण पोरांना वाटलं, म्हातारबुवा काहीतरी बारीकसारीक सांगतायत. पण आता लातुरात बऱ्याच ठिकाणी असंच होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. अप्पांनी शिकवलेल्या गोष्टींत मी ही सगळ्यात वरची मानतो, कारण ही शिकायला त्यांना फार जबर किंमत पडली.

आणि समितीच्या माहितीसाठी सांगतो, कुलूप लागलेलं नाही. अप्पांनी मुलाला फोन करून कळवलं की दिवाळीला येतो, राहायला येत नाही. मोठ्या गाड्या ते पुन्हा घेतात, पण फक्त रविवारी, कारण रविवारी मी नांदेडहून जातो. मी खाली, अप्पा वर. कंटाळले की पाळी बदलायला यार्डातलं कुणीतरी येतं. दाब, धर, सोड याखेरीज आम्ही फारसं बोलत नाही. मग एकत्र जेवतो, आणि मी निघताना ते दारापर्यंत येतात. पूर्वी कधी येत नसत.

अशा लेखाच्या शेवटी शतायुष्य चिंतायचं असतं. मीही चिंततो. अप्पांचे गुडघे टिकोत, डोळे टिकोत, जीभ आहे तितकीच तिखट राहो. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. अप्पा, मलाही रविवारी जायला दुसरं घर नाही. तुम्ही अजून पुष्कळ वर्षं असा.